जपानी पलटणीचे साके पेले आणि लातूरचा उन्हाळा

जपानी मिलिटरीच्या जुन्या वस्तू जमवते म्हणलं की लोक लगेच विचारतात, तलवार आहे का? नाही म्हणलं की त्यांचा अर्धा इंटरेस्ट तिथंच जातो. तलवार नाही, मेडल नाही, हेल्मेट पण नाही. माझ्याकडं आहेत ते साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, प्यायचे पेले. तळहातावर मावणारे, उथळ, पसरट, जास्तीचे चिनीमातीचे आणि थोडे लाकडावर लॅकर चढवलेले. दारू मी पित नाही, घरात कुणीच पित नाही, आमच्याकडं दरवर्षी वारीला माणूस जातं, तरीपण पेले. असो.

तर हे पेले म्हणजे काय. जपानमध्ये १८७३ ला सक्तीच्या भरतीचा कायदा आला. पोरगा वीस वर्षांचा झाला की त्याची तपासणी व्हायची, उंची वजन डोळे छाती सगळं, आणि त्यात पास झालेल्यांतून पलटणीत घ्यायचे. पायदळात साधारण दोन वर्षं काढायची. गावातून पोरगा निघाला की अख्खं गाव निरोपाला, उंच निशाणं, आणि शेजारी-पाजारी पाहुणे-रावळे हातावर पैसे ठेवायचे. मग दोन वर्षांनी तो धडधाकट परत आला की ज्यांनी ज्यांनी पैसे दिले होते त्यांची परतफेड करायची, आणि ती परतफेड म्हणजे हे पेले. छावणीजवळच्या दुकानांत ऑर्डर द्यायची, तयार नक्षी निवडायची, त्यावर पलटणीचा नंबर आणि आपलं नाव घालून घ्यायचं, कित्येकदा नुसतं आडनाव, आणि नोकरी पूर्ण झाल्याची आठवण अशा अर्थाचे दोन शब्द. युद्धावरून जिंकून आले असतील तर त्याचे शब्द वेगळे. कधी सोबत साकेची छोटी बाटली पण असायची, तसल्याच नक्षीची.

म्हणजे हे सरकारने दिलेलं बक्षीस नाही. शिपायाने स्वतःच्या खिशातून केलेला खर्च आहे, आणि हेच मला आवडतं. आपल्याकडं नाही का, वास्तुशांतीला नाहीतर लग्नात भांडं द्यायचं तर गंजगोलाईत घेताना दुकानदार आधी विचारतो, "नाव टाकायचं का ताई?" आणि मग ते मशीन घेऊन पोरगं किर्रर्र करत ठिपक्याठिपक्याने अमुक यांच्याकडून सप्रेम भेट, तारीख, गाव असं सगळं तांब्याच्या बुडावर काढून देतं. तसलीच ही गोष्ट. आमच्या घरात असे तांबे आहेत ज्यांच्यावरची माणसं कोण हे आता कुणालाच सांगता येत नाही, पण तांबे रोज वापरात आहेत. जपानी पेल्यांवरची आडनावं वाचताना मला तेच वाटतं.

सरकारी पेले वेगळे असतात बरं का. ते बादशहाच्या नावाने मिळायचे, चांदीचे नाहीतर लाल लॅकरचे, मधोमध सोळा पाकळ्यांची सोनेरी शेवंती, ती राजघराण्याची खूण. कधी एकात एक बसणाऱ्या तीन पेल्यांचा सेट. दिसायला एकदम राजेशाही, पण माझा जीव त्यांच्यात नाही. त्यावर कुणाचं आडनाव नाही, हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं नाहीत. एखादा असावा म्हणून ठेवलाय.

मी या नादाला लागले ते नाण्यांमुळं. माझ्या आजोबांकडं निजामाच्या काळातले हाली सिक्के होते, चारमिनार असलेले, ते मला मिळाले आणि मग मी नाण्यांच्या प्रदर्शनांना जायला लागले. पुण्यात अशाच एका प्रदर्शनात एका टेबलाच्या कोपऱ्यात जुन्या नोटांच्या शेजारी एक पेला पडलेला, आत सोनेरी चांदणी आणि कडेला फुलं. विकणाऱ्याला पण नीट माहीत नव्हतं काय आहे, त्याने चटणीची वाटी म्हणून सांगितलं. चांदणी ही जपानी लष्कराची खूण, नांगर असला की नौदल, एवढं मला तेव्हा नाण्या-बिल्ल्यांच्या नादात माहीत होतं. घेऊन टाकला.

आता माझ्याकडचा सगळ्यात आवडता सांगते. पांढरी चिनीमाती, साधारण नऊ सेंटीमीटर तोंड. आत एका बाजूला दोन झेंडे एकमेकांवर तिरपे, एक साधा लाल गोळ्याचा आणि दुसरा सोळा किरणांचा, त्याच्या तीन कडांना जांभळी झालर. हा झालरवाला म्हणजे पलटणीचा झेंडा, तो पायदळाच्या आणि घोडदळाच्या रेजिमेंटलाच मिळायचा, खुद्द बादशहाकडून, त्यामुळं त्याला फार मान. झेंड्यांच्या खाली गुलाबी साकुराची, म्हणजे चेरीची, फुलं, ती नुसती रंगवलेली नाहीत, किंचित उठावाची आहेत, बोटाला लागतात. कडेची सोनेरी रेघ एका जागी पार पुसलीये, बरोबर तिथं जिथं ओठ लागतो. म्हणजे कुणीतरी त्यातून खरंच प्यायलंय, शोकेसमध्ये नव्हता ठेवला. आणि बुडाला, जिथं पेला टेकतो ती गोल कड, तिथं ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, नाही आणि ती कड वर्षानुवर्षाच्या वापराने मळकट तपकिरी झालीये. ही मळकट कड मी कितीपण स्वच्छ करायचा मोह झाला तरी करत नाही.

त्यावर नंबर आहे ३९. हा नंबर वाचायला जपानी यावंच लागतं असं नाही. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन रेघा, आणि दहा म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह. चार ते नऊ एवढे सहा आकार पाठ केले की झालं, माझ्या पोरीने एका दुपारी पाठ केले. फक्त एक लक्षात ठेवायचं, त्या काळात आडवं लिहिलेलं असेल तर उजवीकडून डावीकडं वाचायचं. ३९ नंबरचं पायदळ हिमेजीला होतं, तोच तो पांढरा किल्ला असलेला हिमेजी. तारीख बऱ्याच पेल्यांवर नसतेच, याच्यावर आहे, शोवा ५. बादशहा बदलला की सन नव्याने सुरू, त्यामुळं हिशोब असा की शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवायचे, ताइशो असेल तर १९११ आणि मेइजी असेल तर १८६७. म्हणजे हा १९३० चा. मांचुरियाचं प्रकरण, म्हणजे जपानने चीनचा तो भाग बळकावला ते, सुरू व्हायच्या एक वर्ष आधी. या आडनावाचा पोरगा दोन वर्षं कवायत करून, बोलणी खाऊन, हिमेजीच्या छावणीतून सुखरूप घरी गेला आणि त्याने शेजाऱ्यांना पेले वाटले. नंतर त्याला परत बोलावलं असणार का, बहुतेक हो, कारण पुढच्या पंधरा वर्षांत तिकडं कुणाला सोडलं.

जुने पेले म्हणजे रशिया-जपान युद्धाचे, १९०४-०५ चे. त्यांच्यावर मेइजी ३७-३८ असं जोडीने लिहिलेलं असतं आणि लाल लॅकरचे बरेच असतात. पुढं ताइशो आणि शोवाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत चिनीमातीचा सुकाळ. तोफखान्याच्या पेल्यावर तोफ, घोडदळाच्या घोडा नाहीतर नाल, विमानवाल्यांच्या पंखा, आणि काही तर पेलाच हेल्मेटच्या आकाराचा! मग १९३७ ला चीनशी मोठं युद्ध पेटलं आणि हळूहळू सगळ्याचीच टंचाई. १९४१ ला धातू गोळा करायचा हुकूम निघाला, देवळांच्या घंटा गेल्या, टोकियोच्या शिबुया स्टेशनसमोर त्या हाचिको कुत्र्याचा पुतळा होता तो पण वितळवला, तिथं चांदीच्या पेल्याचं काय घेऊन बसलात. चिनीमातीच्या भट्ट्यांवर पण सरकारचा कंट्रोल आला आणि त्या काळच्या भांड्यांच्या बुडाला भट्टीचा नंबर छापलेला असतो, एक अक्षर आणि पुढं आकडे. असा नंबर दिसला की माल युद्धकाळातला समजायचा, १९२० चा म्हणून कुणी विकत असेल तर त्याला नमस्कार करून पुढं जायचं.

नाणेवाल्यांसाठी एक गंमत सांगते. शेवटी शेवटी धातू एवढा संपला की १९४५ ला जपानने चक्क मातीची नाणी केली. क्योतो, सेतो आणि आरिता इथं, म्हणजे जी गावं पिढ्यानपिढ्या कप-बशा करायची तिथं. ती चलनात यायच्या आतच युद्ध संपलं. आणि त्याच सुमारास चिनीमातीचे हातबॉम्ब पण केले, गोल गरगरीत, वर छोटं तोंड. फोटो बघा कधी, एखाद्या शांत लोणच्याच्या बरणीसारखं दिसतं ते.

खोट्या मालाबद्दल बोललंच पाहिजे कारण आता आपल्याकडं पण चार लोक हे घ्यायलेत. साधा पायदळाचा आडनाववाला पेला कुणी खोटा बनवत नाही, परवडतच नाही त्यांना. खोटे असतात ते भपकेबाज. आत्मघातकी वैमानिक, विमान थेट जहाजावर चाललंय, खाली रक्तासारखा सूर्य. आता डोकं लावा, ते हल्ले सुरू झाले ऑक्टोबर १९४४ ला, त्या वेळी भात मिळायची मारामार, घरी परत येणारा कोण आणि पेले वाटणार कोण. तसंच जर्मनी-इटली-जपान असे तिन्ही झेंडे असलेले. खरे पण आहेत, पण त्यांना गिऱ्हाईक जास्त आणि भाव जास्त, म्हणून खोटे पण तेच जास्त. सोनं एकसारखं चकचकीत, कुठंच घासलेलं नाही, बुडाची कड दुधासारखी पांढरी, आणि विकणारा 'सामुराई स्पिरिट' वगैरे लिहितो. सामुराई स्पिरिट लिहिलं की मी पान बंदच करते. तो पेला एका शेतकऱ्याच्या पोराचा असतो, सामुराई कुठला आलाय.

घरी सुरुवातीला फार बोलणी बसली. पहिलं पार्सल आलं तेव्हा आत्याबाई दारातच होत्या.

"काय मागवलीस गं?"

"पेले आहेत आत्याबाई, जपानचे, जुने."

"जुने? म्हणजे कुणाचे उष्टे?" मग हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला आणि म्हणल्या, "ह्याच्यात काय मावायलंय? तीर्थ द्यायचे आहेत का?"

आता दारूचे आहेत म्हणून सांगायची माझी काय हिंमत. आमचे हे बाजूला उभे राहून हसायले नुसते. मग मीच सांगितलं की पलटणीतून परत आलेली पोरं गावाला वाटायची, तर आत्याबाई एकदम गप झाल्या आणि म्हणल्या, "मग त्याच्यावर नाव कुणाचंय ते तरी वाचता येतंय का तुला?" त्यांचा भाऊ पोलिसात होता, निरोपाचा नारळ आणि टोपी त्यांना अजून आठवते. तेव्हापासून नवा पेला आला की पहिला प्रश्न त्यांचाच, नाव काय. दारूचं त्यांना नंतर कळलंच, पोरीने सांगितलं. त्यावर एवढंच म्हणल्या की देवघराच्या भिंतीला लावून ठेवू नको.

आता जरा अवघड बोलते. आपल्याकडं जपानी सैन्य म्हणलं की नेताजी, आझाद हिंद सेना, आणि त्यामुळं एक मऊ कोपरा. पण हेच सैन्य मार्च १९४२ ते १९४५ अंदमानात बसलं होतं. डॉक्टर दिवाण सिंग, जे तिथं आझाद हिंदच्याच कामात होते, त्यांना सेल्युलर जेलमध्ये हालहाल करून मारलं, जानेवारी १९४४. त्याच महिन्याच्या ३० तारखेला हम्फ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या, हेर ठरवून. आणि चीनमध्ये १९३७ च्या शेवटी नानजिंग शहरात जी कत्तल केली ती तर जगाला माहीत आहे. मग असल्या फौजेच्या वस्तू घरात का, असं मला एका नातेवाईकाने तोंडावर विचारलं आणि प्रश्न चुकीचा नव्हता. माझं असं आहे की मी शांततेच्या काळात नोकरी संपवून घरी आलेल्यांचे पेले काचेत लावते. १९३७ नंतरच्या विजयाचे जे आहेत ते आहेत, विकत नाही, फेकत नाही, पण ते खालच्या ड्रॉवरमध्ये. कुणी बघायला मागितले तर दाखवते आणि सोबत नानजिंगचं पण सांगते. लाईट लावून ओळीने मांडायची वस्तू नाही ती. काही जमवणारे म्हणतात वस्तू ती वस्तू, तिला काय कळतंय. मला नाही पटत. आडनावासाठी पेला घ्यायचा आणि त्या आडनावाच्या माणसाने काय केलं असेल ते मात्र बघायचं नाही, असं कसं चालेल.

आणि एक नंबर आहे ज्याच्या मी मागं आहे. ५६.

८ डिसेंबर १९४१, मलायाच्या किनाऱ्यावर कोटा भारू. पर्ल हार्बरचा हल्ला सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या तासभर आधीच कोटा भारूला जपानी उतरायला लागले होते. उतरणारी पलटण ५६ नंबरचं पायदळ, क्यूशू बेटावरच्या कुरुमेची. आणि तिथल्या विमानतळाच्या राखणीला कोण होतं तर निजामाच्या संस्थानाची फौज, फर्स्ट हैदराबाद इन्फंट्री! किनाऱ्यावर इंग्रजांच्या हिंदी पलटणी आणि विमानतळाला आपले संस्थानवाले. त्यांचा कमांडिंग ऑफिसर तिथंच मारला गेला. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच की, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे, लातूर तेव्हा उस्मानाबादेत. आपण १७ सप्टेंबरला झेंडा वंदन करतो, रझाकारांच्या गोष्टी ऐकत मोठे झालो, पण संस्थानाची फौज समुद्रापलीकडं जपान्यांसमोर उभी होती हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. पेल्यांवरचे नंबर शोधता शोधता कळलं.

अडचण अशी की ५६ चे पेले सहज मिळत नाहीत. १९२५ ला जपानने खर्च कमी करायला चार डिव्हिजन, म्हणजे पलटणींचे मोठे गट, बंद केल्या, १३, १५, १७ आणि १८, आणि ५६ नंबर १८ मध्ये, त्यामुळं ती पलटणच मोडली. १९३७ ला चीनच्या युद्धासाठी परत उभी केली. म्हणजे शांततेच्या काळातला ५६ चा पेला हवा असेल तर तो १९२५ च्या आधीचाच असणार. असाच दुसरा नंबर ५८, ताकादाचा, तो पण १९२५ ला गेला आणि नव्याने उभा राहिला, आणि मार्च १९४४ ला मणिपूरमध्ये सांगशाकला आपल्या मराठा पलटणीच्या आणि पॅराट्रूपर्सच्या समोर तोच होता, पुढं कोहिमाला पण. ५८ मला मिळाला, ताइशोचा आहे, काठाला केसाएवढी चीर आहे पण आहे.

खरेदीचं विचाराल तर जपानच्या लिलावात साधा पेला आपल्या हजार-दीड हजारात मिळून जातो, कधी त्याच्या पण आत, पण तिथला पत्ता लागतो म्हणून मधला माणूस, त्याचं कमिशन, मग टपाल, मग कस्टम, आणि पेल्यापेक्षा बाकीचंच भारी पडतं. म्हणून चार-पाच एकत्र मागवायचे. एकदा एका कुरिअरवाल्याने खोक्यावर काच असं लिहिलेलं असताना त्यावरच दुसऱ्या कुणाचा मिक्सर ठेवला, आतले दोन गेले. तक्रार केली तर म्हणले पॅकिंग तुमचं. बरं.

लाकडी पेटी असेल तर पैसे जास्त द्या पण पेटीसकट घ्या. ती किरी नावाच्या हलक्या लाकडाची असते, झाकणावर शाईने लिहिलेलं असतं आणि कधी कधी जे पेल्यावर नाही ते झाकणावर सापडतं. धुवायचं म्हणाल तर डिशवॉश आणि स्क्रबर पासून लांब, सोनं ग्लेझच्या वर लावलेलं असतं आणि घासलं की निघतं. कोमट पाणी, मऊ कपडा, बस.

पण लातुरात खरा प्रश्न लॅकरचा. चिनीमातीला काही होत नाही, लॅकरवाले पेले मात्र दमट हवेतली लेकरं. ते लॅकर म्हणजे झाडाचा चीक, एकावर एक थर देऊन लाकडावर चढवलेला, आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या वर, हवा कोरडी ठक्क. आतलं लाकूड आकसतं आणि वरचा थर तडकतो. ऊन लागलं तर लाल रंग पांढुरका पडतो तो वेगळाच. म्हणून उन्हाळ्यात ते काचेतून काढून आतल्या खोलीच्या बंद कपाटात, शेजारी पाण्याची वाटी, आणि कूलरच्या झोतासमोर अजिबात नाही, एकदम ओलं आणि एकदम कोरडं हे त्यांना जास्त वाईट. ज्या लातूरला पाणी रेल्वेने आलं होतं त्या लातुरात पेल्यांसाठी पाणी भरून ठेवायलीस, असं आमचे हे दर उन्हाळ्यात एकदा तरी म्हणतात. वाटीभर लागतं हो.

सध्या एका लिलावात ५६ दिसायला लागलाय. फोटो तीन टाकलेत, आतली चांदणी छान, नंबर स्पष्ट, आडनाव आहे, पण बुडाचा फोटो एकपण नाही. विचारून ठेवलंय. बुड बघितल्याशिवाय मी बोली लावणार नाही, मग तो कुणी का नेईना.